चार शतांश

कारखान्यात त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. लेथवर काम करणाऱ्या टर्नरला गवंड्याच्या अवजाराचं नाव पडायचं कारण एकच. सात नंबरच्या लेथवर त्यानं काढलेला पंपाचा दांडा या टोकाला मोजा, त्या टोकाला मोजा, मधे मोजा, मापात फरक म्हणून यायचा नाही. एकोणतीस वर्षं हे असंच चाललं होतं. तपासणी खात्यातली माणसं बाकीच्यांच्या पेटीतला दांडा न् दांडा मोजत आणि ओळंब्याच्या पेटीतले दोन मोजून उरलेल्यांवर नुसता हात फिरवत.

माणूस म्हणून पाहिलं तर त्याला नाव ठेवायला जागा नव्हती आणि त्याच्याबद्दल सांगण्यासारखंही फार काही नव्हतं. सत्तावन्न वर्षांचा, अंगानं सुकलेला, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. भोंग्याआधी पंधरा मिनिटं मशीनपाशी हजर. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. रजा तर इतकी कमी घ्यायचा की हजेरी लिहिणारा बाबू म्हणायचा, "हा स्वतःच्या लग्नालासुद्धा अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला असेल." आणि गेलाच कधी रजेवर, तर सात नंबर बंद. "दुसऱ्याचा हात लागला की बिघडतं ते," असं तो म्हणायचा. चांगल्या कारागिराचं एखादं खूळ असायचंच, असं म्हणून लोक ते चालवून घेत.

मग मालकीणबाईंनी कारखान्यात जावई आणले.

म्हणजे यंत्राचे हात. थोरले मालक गेल्यावर त्यांच्या मुलीनं कारभार हाती घेतला आणि दोन वर्षांच्या आत दोन मशीनांपुढे माणसाएवढे पिवळे हात उभे केले. भोवती जाळीचा पिंजरा. काँप्युटरनं हुकूम सोडला की हात वळायचा, ट्रेमधला लोखंडी तुकडा उचलायचा, मशीनच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, धरायचा, काम झालं की काढून पलीकडे ठेवायचा. त्याच्या वाटेत यायचं नाही, त्याला स्पर्श करायचा नाही, लागेल ते त्याच्यापुढे नेऊन मांडायचं, आणि जरा कुठं बिनसलं की दोन इंजिनियर धावत येणार. दुसऱ्याच दिवशी बारसं झालं. "जावईबापूंना तेल मिळालं का?" "जावईबापू आज रुसलेत, कुणीतरी ट्रे वाकडा ठेवला वाटतं." नाव ठेवणारा होता स्टोअरवाला. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण सकाळी सुरू झाला की तो संध्याकाळच्या भोंग्यालाच बंद व्हायचा. लोक हसत, पण बेतानं. त्या दोन मशीनांवरची चार माणसं पॅकिंगला जाऊन खोके बांधत होती.

तिसरी पाळी आली सात नंबरची. मालकीणबाई स्वतः मशीनपाशी आल्या.

"काका, याचं अंग अजून दणकट आहे. नवं घेण्यापेक्षा यालाच मोटारी आणि काँप्युटर बसवू. तिसरा हात इथं येईल. पण त्याआधी तुमचा हात मला त्या काँप्युटरमध्ये उतरवून हवाय. पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होणार. एवढी कला तुमच्याबरोबर घरी जाऊ द्यायची का?"

ओळंबा "बरं" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

ज्या बाई हे उतरवून घ्यायला आल्या त्यांना सगळे प्रोग्रामरबाई म्हणू लागले. तिशीच्या, केस घट्ट वर बांधलेले, पायात कामगारांसारखे जाड बूट. त्यांनी सात नंबरच्या हँडलांवर नाण्याएवढ्या चकत्या चिकटवल्या, वायरी जोडल्या आणि स्टूल ओढून लॅपटॉप मांडीवर घेतला. "तुम्ही नेहमीसारखं काम करा, काका. मी इथं नाहीच असं समजा."

त्या होत्या, आणि ओळंब्याला ते क्षणभर विसरता येत नव्हतं. हात आवरला तर दांडा बिघडणार, नाही आवरला तर ते पडद्यावर उमटणार. आठ दिवस तो अशा कात्रीत काम करत होता. घरी बायको म्हणाली, "जेवताना अंगठा कसला दाबता सारखा ताटावर?" त्यानं हात ताटाखाली घेतला.

नवव्या दिवशी बाईंनी त्याला पडदा दाखवला. त्यावर एक लांब रेघ होती.

"ही तुमच्या आडव्या हँडलची रेघ. हत्यार मोकळ्या टोकाकडून चककडे सरकतंय. इथं रेघ सपाट हवी. पण बघा, इथं, इथं आणि इथं तुम्ही हँडल कणभर पुढे दाबता. तीनदा. आणि शेवटी पॉलिशपेपर मारून त्या जागा पुसून टाकता. दोनशे बारा दांडे झाले. प्रत्येकात हीच तीन ठिकाणं."

"सवय आहे."

"सवय एवढी शहाणी नसते, काका." बाई हसल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. "दांडे तर सरळ निघतायत. म्हणजे तुमचा हात मशीनची काहीतरी चूक भरून काढतोय. मशीनच फिरलेलं असणार. गुरुवारी लेसरवाल्याला बोलावते, डोकं तपासून घेऊ."

मशीनचं डोकं म्हणजे डावीकडचा तो जड भाग, ज्यात चक फिरतो. ते एवढंसं जरी तिरकं झालं, तरी दांडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतो. बाईंचा अंदाज बरोबर होता. सात नंबरचं डोकं फिरलेलं होतं, आणि ते कुणी फिरवलं हे सगळ्या जगात एकट्या ओळंब्याला ठाऊक होतं.

एकोणतीस वर्षांपूर्वी सात नंबर नवं कोरं आलं, तेव्हा त्यावर दाजी काम करत. दाजी म्हणजे ओळंब्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आई गेली तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि ताई सोळा. तिनंच त्याला वाढवलं, आणि लग्न होऊन गेली तेव्हा भावाला बरोबर घेऊन गेली. दाजींनी कधी तोंड वेडंवाकडं केलं नाही. पुढे त्याला कारखान्यात चिकटवलं तेही दाजींनी. शेजारच्या आठ नंबरवर त्याला उभं केलं, आणि हँडल कसं धरायचं ते त्याच्या हातावर आपला हात ठेवून शिकवलं.

एका रविवारी तो जादा कामाला एकटाच आला होता. आठ नंबरवर लोखंडाचा जड गोळा चढवायचा होता. साखळीच्या पुलीनं ओझं उचलताना दोन माणसं हवीत, असा नियम भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेला होता. दुसरा माणूस पलीकडच्या शेडमध्ये होता. त्याला हाक मारायचा याला कंटाळा आला. साखळी एक कडी घसरली, गोळा झुलला आणि सात नंबरच्या डोक्यावर आदळला. अंगठ्याएवढा खळगा पडला. त्यानं मशीन चालवून पाहिलं, ते फिरत होतं. मग खळग्यात पुट्टी भरली, वर रंग लावला. नोकरी कायम व्हायला दोन महिने राहिले होते आणि लग्न होऊन एक वर्षही झालं नव्हतं. सोमवारी सांगू, असं तो स्वतःला म्हणाला. खरंच सांगणार होता.

सोमवारी दाजींचे दांडे चार शतांशांनी बिघडले. मिलिमीटरचे शंभर भाग करा, त्यातले चार. डोक्यावरचा केसही त्याहून जाड असतो. पण पंपाला तेवढं चालत नाही. दोन शतांशांपर्यंत माफी, त्यापुढे भंगार. दाजी म्हणाले, "मशीन तपासा." फोरमन म्हणाला, "मशीन नवं कोरं आहे. खोट असली तर हातात आहे." आठ दिवस हेच चाललं, आणि आठ दिवस याचं आज सांगू, उद्या सांगू चाललं. नवव्या दिवशी फोरमननं दाजींना बाजूला केलं आणि याला म्हणाला, "तू उभा राहा. बघू तुझा हात."

नाही म्हणता आलं असतं. दांडा बिघडू देता आला असता, म्हणजे दाजी आपोआप सुटले असते. हे त्याला तेव्हा सुचलं नाही असं नाही. पण सगळे बघत होते, तो अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि दांडा बिघडतो कुठं ते त्याला माहीत होतं. पहिला फुकट गेला. दुसऱ्याला त्यानं हँडल तीन जागी कणभर दाबलं. दांडा सरळ निघाला. फोरमननं तो गरम दांडा फडक्यात धरून नेला आणि सगळ्यांदेखत दाजींच्या तळहातावर ठेवला. "मशीन तेच आहे. आता बोला."

दाजींनी मायक्रोमीटर उचलला. त्यांनी दांडा मोजला. पुन्हा एकदा मोजला. मग मेव्हण्याकडे बघून म्हणाले, "छान काढलायस."

त्या दुपारी त्यांना कामावरून काढलं. कागदावर कारण लिहिलं, हात कामाला योग्य नाही.

दाजी पुन्हा कुठल्या लेथपाशी गेले नाहीत. एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागले आणि तिथूनच म्हातारे झाले. फोरमनचं म्हणणं त्यांना पटलं होतं, हेच वाईट. घरात खिळा ठोकायचा असला तरी म्हणत, "माझा हात तसला. तूच ठोक." ताई ठोकायची. खुर्चीवर चढून, पदर खोचून, हातोडीच्या प्रत्येक घावाबरोबर एकेक शब्द टाकायची. "माझा भाऊ बघा. त्याच मशीनवर उभा राहतो. त्याला कसं जमतं?" हा भाऊ समोर चहाचा कप घेऊन बसलेला असायचा. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं आता बोलावं, आणि प्रत्येक वेळी तो चहा संपवून घरी यायचा. जसजशी वर्षं गेली तसतसं सांगायचं राहिलेलं वाढत गेलं, आणि शेवटी ते त्याच्याहून मोठं झालं. त्यात सरळ दांड्यांबद्दल त्याचं नाव होत गेलं. लोक कौतुक करत तेव्हा तो खाली बघायचा. लोकांना तो विनय वाटायचा.

गुरुवारी लेसरवाला आला. दोन तास त्याची लाल रेघ सात नंबरच्या अंगावरून फिरत होती. मग त्यानं आकडा सांगितला, चार शतांश. डोक्याच्या बाजूचा रंग खरवडला तशी पुट्टी निघाली, आणि पुट्टीखालून खळगा निघाला. भोवती ही गर्दी.

"काहीतरी जड आदळलंय," लेसरवाला म्हणाला. "आणि कुणीतरी ते लपवलंय. जुनं काम आहे."

रेडिओ लागलाच. "तरीच! अहो, याच्या आधी या मशीनवर याचेच मेव्हणे होते. दांडे बिघडतात म्हणून काढलं होतं त्यांना. मशीन तपासा, मशीन तपासा म्हणून ओरडत होते. का ओरडत होते ते आता कळलं. स्वतःच आदळवलं असणार आणि वरून रंग फासला असणार!"

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आठवणाऱ्यांना आठवलं, न आठवणाऱ्यांनाही आठवलं. मालकीणबाई खळग्यावर बोट ठेवून उभ्या होत्या. त्यांनी ओळंब्याकडे पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे काका, एकोणतीस वर्षं तुम्ही त्यांची चूक आपल्या हातानं झाकत होतात? आणि कुणाला एका शब्दानं बोलला नाहीत?"

ओळंबा चष्म्याची दोरी चाचपत राहिला. मालकीणबाई म्हणाल्या, तिसरा हात सुरू होईल त्या दिवशी तुमचा सत्कार करू. पिंजऱ्यावर तुमच्या नावाची पाटी लावू. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एकदा त्यानं गप्प बसून दाजींची नोकरी घालवली होती. आता त्याच गप्प बसण्यानं त्यांचं नावही जाणार होतं, आणि वर याला पाटी मिळणार होती. शुक्रवार, शनिवार त्यानं कसेबसे ढकलले. रविवारी सकाळी तो ताईकडे गेला.

ताई दवाखान्यात गुडघा दाखवायला गेली होती. दाजी खिडकीपाशी भिंग घेऊन वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. सदुसष्ट वर्षांचे, केस पांढरेशुभ्र, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. ओळंबा चप्पल काढून समोर बसला.

"दाजी, सात नंबरचं डोकं तपासलं. लेसरनं. फिरलंय ते."

दाजींनी पेन्सिल खाली ठेवली. "किती?"

"चार शतांश."

"चककडे जाड?"

"चककडे जाड."

"मी तेच सांगत होतो!" दाजी उठूनच उभे राहिले. "फोरमनला मी हेच सांगत होतो, चककडे जाड येतंय, डोकं बघा. ऐकलं नाही त्यानं. म्हणजे माझा हात..." त्यांनी उजवा हात पुढे धरला, उलटा केला, सुलटा केला. एवढा आनंद त्यांच्या तोंडावर त्यानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तिथेच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

"तुमच्या हातात काही खोट नव्हती, दाजी. मशीन मी आदळवलं. तुमचे दांडे बिघडले त्याच्या आदल्या रविवारी. एकट्यानं गोळा उचलत होतो, साखळी घसरली. पुट्टी मी भरली."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. दाजी सावकाश खाली बसले.

"आणि तू काढलास तो दांडा?"

"कुठं दाबायचं ते मला माहीत होतं."

"मी दोनदा मोजला होता तो."

"हो."

"छान काढलायस म्हणालो होतो मी तुला."

धरणीनं पोटात घ्यावं असं माणसाला वाटतं म्हणतात, ते ओळंब्याला त्या खुर्चीत बसल्या बसल्या वाटलं. त्यानं उरलेलंही सांगून टाकलं, रेडिओ काय म्हणाला, सत्कार कसा ठरला, पाटी कुठे लागणार. दाजी ऐकत राहिले. त्यांचा आवाज चढला नाही.

"मग आता कशाला सांगायला आलास? गप्प बसायची सवय होती की तुला."

"आता नाही होत, दाजी."

"तुला नाही होत." दाजींनी भिंग उचललं, पुसलं, परत ठेवलं. "मशीन दुरुस्त केलं का?"

"मंगळवारी करणार."

"मग उद्या येतो मी. मला ते बघायचंय, आहे तसं."

"आणि ताईला..."

"ते तुझं काम. माझ्याकडून तिला एक शब्द कळायचा नाही."

सोमवारी ओळंब्यानं मालकीणबाईंच्या केबिनमध्ये सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "हेच खाली चला आणि सगळ्यांसमोर सांगा. ज्यांनी परवा टाळ्या वाजवल्या त्यांना." त्यानं सांगितलं. सात नंबरपाशी उभं राहून, घसा साफ न करता, सुरुवातीपासून. रेडिओ त्या दिवशी जो बंद झाला तो आठवडाभर लागला नाही.

दाजी फाटकाशी थांबले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. आत येताच त्यांनी बाह्या दुमडल्या, सात नंबरभोवती एक फेरी मारली आणि खळग्यात अंगठा घालून पाहिला. बरोबर बसला.

"एक दांडा काढू का?" त्यांनी विचारलं. मालकीणबाईंनी होकारार्थी मान हलवली.

हात थरथरत होता. तुकडा चकमध्ये धरायला तीनदा प्रयत्न करावा लागला, आणि कुणी मदतीला पुढे झालं नाही, कारण त्यांनी कोणाकडे पाहिलंच नाही. एकदा हत्यार लागलं आणि लोखंडाची साल सुटू लागली, तसा हात थांबला. म्हणजे थरथरायचा थांबला. दांडा काढून त्यांनी स्वतः मोजला. मोकळ्या टोकाला बरोबर. चककडे चार शतांश जास्त.

"आता तू काढ," ते मेव्हण्याला म्हणाले. "मधे हात न लावता."

ओळंब्यानं तुकडा लावला, मशीन त्याच्या आपोआप चालीवर सोडलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला. तरी त्या तीन जागी अंगठा पाठीमागच्या पाठीमागे दाबला जात होता. दांडा निघाला. मोकळ्या टोकाला बरोबर, चककडे चार शतांश जास्त. दाजींनी दोन्ही दांडे शेजारी शेजारी टेबलावर ठेवले. एकमेकांपासून ओळखू येत नव्हते.

मालकीणबाई म्हणाल्या, "थोरले मालक नाहीत, फोरमनही गेला. तुमची जुनी नोंद मी रद्द करते. तसं पत्र देते तुम्हाला."

"पत्राचं मी काय करू, बाई?" दाजी म्हणाले. "हा दांडा घरी न्यायची परवानगी द्या."

कारखान्यातून खिळासुद्धा बाहेर न्यायचा तर फाटकावर चिठ्ठी दाखवावी लागते. बाईंनी आपल्या हातानं चिठ्ठी लिहिली: एक दांडा, नापास, मशीनच्या दोषामुळे. खाली सही केली. दाजींनी ती चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि खिशात ठेवताना कोपरा दुमडणार नाही याची काळजी घेतली. आपला दांडा त्यांनी रुमालात गुंडाळला. दुसरा ओळंब्याच्या हातात दिला.

"हा तुझा," म्हणाले, आणि फाटकाकडे चालू लागले.

मंगळवारी सात नंबरचं डोकं सरळ झालं. बुधवारी प्रोग्रामरबाईंनी काँप्युटरकडून पहिला दांडा काढवला. एका रेघेत, मधे न थांबता, आणि तो सरळ निघाला. बाई पडद्याकडे बघत मोकळेपणानं म्हणाल्या, "काका, तुमच्या रेकॉर्डिंगमधले हे तीन दाब काढून टाकले की उरतं काय, तर सपाट रेघ. ती तर कुणीही टाकेल." आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं. ओळंबा म्हणाला, "बरोबर आहे." ज्याला लोक कला म्हणत होते ती एवढीच होती. त्याला पॅकिंगला पाठवलं होतं. तिथं त्याला कुणी टाकून बोललं नाही, पण ओळंबा अशी हाकही कुणी मारली नाही. जो तो काका म्हणत होता.

रविवारी तो पुन्हा ताईकडे गेला. दांडा घड्याळाशेजारी फळीवर उभा होता. ताईनं चहा पुढे केला आणि म्हणाली, "आठवडाभर विचारतेय, हे काय आणलंय म्हणून. हे म्हणतात, तुझा भाऊ सांगेल. काय आहे रे ते?"

त्यानं सांगितलं. कप हातात तसाच होता. दाजी खिडकीपाशी बसून होते, भिंग मिटलेल्या वर्तमानपत्रावर ठेवून. ताईनं मधे एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर ती भावाकडे बघेल, दोन थोबाडीत मारेल, घरातून चालता हो म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. या सगळ्याची तयारी करून तो आला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती नवऱ्याकडे बघत होती.

"मी काय काय बोलले हो तुम्हाला," ती म्हणाली. "ऊठसूट. याचं नाव घेऊन."

दाजींनी भिंग वर्तमानपत्रावरून उचलून बाजूला ठेवलं.

ताई गुडघ्यावर हात टेकून उठली, फळीपाशी गेली, दांडा उचलला. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यावरून अंगठा फिरवला. मग उलट फिरवला. डोळ्यांसमोर आडवा धरून पाहिला.

"कुठं जाड आहे? मला तर सरळच लागतोय."

"हाताला कळत नाही ते," दाजी म्हणाले. "मोजावं लागतं."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

ताई खाली बसली आणि दांडा मांडीवर घेऊन रडायला लागली. दाजी उठून तिच्याजवळ जाऊन बसले. ओळंब्याला कुणी जा म्हणालं नाही, कुणी बसही म्हणालं नाही. चहा निवून गेला होता. तो कप हातात धरून बसून राहिला.